प्रशिक्षणाचा नमुना

वरून आदेश आला की निवडणुकीच्या कामात असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोके आणि फायदे समजले पाहिजेत, आणि ते मतदानाच्या आधी समजले पाहिजेत. समजण्यासाठी एक दिवस दिला होता, जेवणाची सुट्टी धरून. नगरसेवकांची निवडणूक आठवड्यावर आली होती. मतदान केंद्रांचे पंखे तपासायचे राहिले होते, कर्मचाऱ्यांची अदलाबदल राहिली होती, जरीपटक्यातल्या एका शाळेचं छत गळायला लागल्यामुळे तिथलं केंद्र शेजारच्या समाजभवनात हलवल्याचं लोकांना कळवायचं होतं. ते सगळं बाजूला ठेवून उत्तर नागपूरचे झाडून सारे अधिकारी शुक्रवारी सकाळी सिव्हिल लाइन्समधल्या एका थंडगार सभागृहात तर्री-पोह्यांच्या रांगेत उभे राहिले.

या सगळ्याचे यजमान होते मुकुंद बक्षी, त्या भागाचे निवडणूक निर्णय अधिकारी. बक्षीसाहेब मूळचे महालातले. आपले पूर्वज भोसल्यांच्या दरबारात कारकुनी करत होते, हे ते पहिल्याच भेटीत सांगत, आणि त्यांचं काम पाहिलं की ऐकणाऱ्याला ते लगेच पटत असे. व्यासपीठामागे मोठा फलक होता. त्यावरचं चित्र यंत्राकडूनच काढून घेतलेलं. त्यात बोटाला शाई लावलेली एक हसरी बाई होती आणि तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'निडवणूक' असं लिहिलेलं होतं. बक्षीसाहेबांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतले. ती चूक कुणालाच दिसली नाही. ज्यांना दिसली ते बोलले नाहीत, कारण नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर कुठं बोलायचं नाही हे माणसाला कळतं.

भूमिका डांगोरेला दिसली होती. ती नायब तहसीलदार, आणि या निवडणुकीत बक्षीसाहेबांची सहायक. म्हणजे सही साहेबांची, बाकी सगळं तिचं. उमरेडकडच्या शेतकऱ्याची मुलगी, स्पर्धा परीक्षेतून वर आलेली, बोलायला तुटक. तिला खरं तर या विषयाचं कुतूहल होतं. मतदार यादीत एकच माणूस तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेला असतो, तो हुडकून देणारं काही असेल तर तिला हवंच होतं. म्हणून ती न विसरता वही घेऊन आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती.

शिकवायला पुण्याहून विमानानं उन्मेष नावाचे तज्ज्ञ आले होते. 'यंत्रबोध' नावाची त्यांची संस्था होती. कानाला चिकटलेला माईक, कोटाखाली पांढरे बूट.

"फ्रेंड्स," ते म्हणाले, "एआय तुमचा शत्रू नाही. एआय तुमचा सहकारी आहे. असा सहकारी, जो कधी रजा मागत नाही."

सभागृह हसलं. मागच्या रांगांमधले काहीजण झोपेत हसले.

मग फायदे सुरू झाले. सर्वांत मोठा फायदा म्हणजे 'मतमित्र'. मतदारांनी मोबाइलवर प्रश्न विचारायचा आणि मतमित्रानं उत्तर द्यायचं. पडद्यावर तो गोल चेहऱ्याचा, फेटा बांधलेला बाहुला डोळे मिचकावत होता. उन्मेष म्हणाले, विचारा काहीही. ज्या शाळेतलं केंद्र कालच हलवलं होतं तिचं नाव भूमिकानं सांगितलं आणि विचारलं, "इथलं केंद्र बदललं आहे का?"

बाहुल्यानं ताबडतोब उत्तर दिलं: "नाही. आपलं मतदान केंद्र पूर्वीच्याच ठिकाणी आहे. मतदानासाठी शुभेच्छा!"

"हे चूक आहे," भूमिका म्हणाली. "काल बदललं. याला हे कोण सांगणार?"

"सुंदर प्रश्न," उन्मेष म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं.

"आणि यादीतली दुबार नावं शोधता येतात का यानं?"

"तोही फार सुंदर प्रश्न आहे. तो आपण भविष्यातल्या शक्यतांमध्ये घेऊ."

भविष्यातल्या शक्यता हे चित्र शेवटी होतं आणि वेळेअभावी ते दाखवलं गेलं नाही.

जेवणाआधी धोक्यांची तयारी झाली. उन्मेषना एक चेहरा आणि एक आवाज हवा होता. त्यावरून ते खोटा व्हिडिओ तयार करून दाखवणार होते. बक्षीसाहेब स्वतःच उठायच्या बेतात होते, पण मग त्यांना महिला सक्षमीकरण आठवलं. "आमच्या भूमिका मॅडम येतील," त्यांनी जाहीर केलं.

भूमिका गेली. तिला नाही म्हणता आलं असतं. पण एवढ्या लोकांसमोर आपल्याला बोलावलं, याचं थोडं बरंही वाटलं होतं तिला. तिनं मतदारांना उद्देशून चार ओळी वाचल्या, मान डावीकडे-उजवीकडे वळवून दाखवली आणि उतरताना उन्मेषना सांगितलं, "जे काही बनवाल त्यात गाव-प्रभाग खोटा टाका. आणि वर 'नमुना' असं लिहा."

"अर्थातच मॅडम," ते म्हणाले. ते तेव्हा फोनकडे बघत होते.

जेवणानंतर, ताक पिऊन सुस्तावलेल्या सभागृहासमोर पडद्यावर भूमिका डांगोरे प्रकट झाली. मागे झेंडा, समोर टेबल, अंगावर तिच्याकडे नसलेली निळी साडी. ती मधाळ आवाजात म्हणाली, "जरीपटका परिसरातल्या सर्व मतदारांना नम्र विनंती. तांत्रिक कारणामुळे येत्या गुरुवारी होणारं मतदान पुढे ढकलण्यात आलं आहे. नवी तारीख लवकरच कळवू. कृपया घरीच राहा."

टाळ्या वाजल्या. इतक्या वाजल्या की झोपलेले जागे झाले. आणि जे जागे होते त्यांच्या हातात मोबाइल वर धरलेले होते.

भूमिका उभी राहिली. "जरीपटका कशाला टाकलं? आणि खरा वार? नमुना कुठे लिहिलंय?"

"मॅडम, खरं वाटायला पाहिजे ना," उन्मेष समजावणीच्या सुरात म्हणाले. "वर 'नमुना' लिहिला की सगळा परिणाम जातो. तुम्ही घाबरू नका, हे बघा, मी तुमच्यासमोर डिलीट करतो." त्यांनी बोट उचलून सर्वांना दाखवलं आणि बटण दाबलं.

"साहेब, लोकांनी फोनमध्ये घेतलाय तो," भूमिका बक्षींकडे वळून म्हणाली. "सगळ्यांना काढून टाकायला सांगा."

बक्षीसाहेबांनी माईक घेतला. "मित्रहो, आमच्या मॅडम आता हिरोइन झाल्या आहेत, पण त्यांचा सिनेमा बाहेर जाऊ देऊ नका बरं का!" पुन्हा हशा. ज्यांनी तोवर व्हिडिओ घेतला नव्हता त्यांनी शेजाऱ्याकडून मागून घेतला. चार वाजता प्रमाणपत्रं वाटली. आता या सर्वांना धोके आणि फायदे समजले होते, तसं त्या कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहिलं होतं.

मंगळवारी सकाळी भूमिकाला उमरेडहून आईचा फोन आला. पंचफुलाबाई फोनवर कायम गावभर ऐकू जाईल अशा बोलत.

"काहून वं भूमिका, मतदान पुढं गेलं मनते तुमच्या इकडचं?"

"कोन सांगितलं तुले?"

"कोन म्हंजे? तूच सांगून राहिली ना मोबाइलात. तुह्या मावसभावानं दाखवला."

भूमिका हातातला चहा ठेवून उभी राहिली. "आई, ती मी नाही. मशीननं बनवलं ते."

"काहीबी सांगते. तुहा आवाज मले नाही समजत का? जन्म देल्ला मी तुले." मग आईचा आवाज थोडा उतरला. "मले वाटलं, प्रमोशन झालं तुहं. अशी गोड गोड बोलून राहिली होती. घरी तं कधी तशी बोलत नाही."

हे शेवटचं वाक्य भूमिकाला दिवसभर टोचत राहिलं. ज्या बाईनं तिला वाढवलं तिला यंत्रानं फसवलं, याचा राग होताच. पण आईला ती खोटी मुलगी जास्त आवडली होती.

कार्यालयात पोचेपर्यंत दोन स्थानिक वृत्तवाहिन्यांनी व्हिडिओ चालवला होता, खाली 'मोठी बातमी' अशी लाल पट्टी लावून. बक्षीसाहेब केबिनमध्ये घाम पुसत बसले होते.

"अहो, सभागृहभर लोक होते," ते म्हणाले. "कुणी टाकला, कसं शोधणार? आणि तुम्ही चेहरा द्यायला नको होता."

"तुम्ही मला पुढे केलं, साहेब."

"सुचवलं. पुढे केलं नाही."

त्यांनी उन्मेषना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. उन्मेष विमानतळावर होते, दुसऱ्या कुठल्या तरी शहराला शहाणं करायला निघालेले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "सर, खरं सांगू? आपल्या प्रशिक्षणाची किती गरज होती हे सिद्ध झालं! मी तर म्हणतो, आपण दुसरं सत्र ठेवू या."

भूमिकानं फोन बंद केला. साहेबांचा फोन होता तो, पण केला.

मग खुलाशाचा व्हिडिओ काढायचं ठरलं. कॅमेऱ्यासमोर पुन्हा भूमिकाच. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, केस विस्कटले होते, मागे झेंड्याऐवजी फायलींचं कपाट होतं. ती म्हणाली, "मी भूमिका डांगोरे. तो व्हिडिओ खोटा आहे. मतदान गुरुवारीच आहे." खरं माणूस घाईत जितकं बोलतं तितकंच बोलली.

तासाभरात लोकांचा निकाल आला. पहिली खरी, ही खोटी. पहिलीच्या मागे झेंडा होता, ती नीट बसली होती, नीट बोलत होती. ही कोण घाबरलेली बाई? एकानं लिहिलं, 'ये वाली तो एआय है, आँखें देखो.' दुसऱ्यानं लिहिलं की विरोधकांना मतदान घडवून आणायचं आहे म्हणून हा बनावट खुलासा फिरतो आहे. मतमित्राला विचारलं तर तो फेटेवाला बाहुला डोळे मिचकावून सांगत होता, "होय. उपलब्ध अधिकृत व्हिडिओनुसार मतदान पुढे ढकलण्यात आलं आहे." धोका आणि फायदा असे दोघे हातात हात घालून फिरत होते. बाहुल्याला बंद करायचं तर त्याचा पासवर्ड उन्मेषकडे, आणि उन्मेष ढगात.

बुधवारी दुपारी भूमिका भोंग्याचा ऑटो घेऊन जरीपटक्याच्या बाजारात शिरली. बक्षीसाहेब आले नाहीत. त्यांना वरिष्ठांना अहवाल पाठवायचा होता. पहिल्या चौकातच कळलं की भोंग्याचा उपयोग नाही. पानटपरीवर बसलेला एकजण मोठ्यानं म्हणाला, "भोंग्यातून तं कोनीबी बोलते गा. टेप लावली असन."

तेव्हा ती उतरली आणि दुकानादुकानात चालत गेली. एका कापड दुकानदारानं गादीवरून मान वर करून तिला न्याहाळलं.

"मॅडम, वो व्हिडिओवाली आप ही हो ना?"

"चेहरा माझा आहे. मी ते बोलले नाही."

"और दूसरे में?"

"दुसऱ्यात मी बोलले."

"अभी भी आप बोल रहे हो." तो खरोखर विचारात पडला होता, चेष्टा करत नव्हता. "तो फिर मानें किसका? आपका, या आपका?"

भाजीवालीपुढं उभ्या असलेल्या दोन बायकांनी मोबाइलमधली निळ्या साडीतली भूमिका आणि समोरची भूमिका शेजारी शेजारी धरून पाहिल्या. एक दुसरीला म्हणाली, "हिच्या कपाळावर वण आहे, तिच्या नाही." दुसरी म्हणाली, "मेकअप असंल." भूमिकानं कपाळ पुढं केलं. "हात लावून बघा." बाईनं खरंच बोट लावून पाहिलं. लहानपणी बैलगाडीवरून पडून झालेला तो वण, सरकारी नोकरीत त्याचा असा उपयोग होईल असं भूमिकाला कधी वाटलं नव्हतं. "खरा आहे वं," ती बाई म्हणाली, आणि भूमिकाला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आपण खरे आहोत हे रस्त्यावर हात लावून दाखवावं लागतं, आणि ही वेळ आणणारे लोक त्या क्षणी कुठल्या तरी थंड खोलीत अहवाल लिहीत असतात.

अंधार पडेपर्यंत ती बोलत राहिली. आवाज बसला. पुष्कळांनी मान डोलावली. पण पुष्कळांच्या दाराला कुलूप होतं. गुरुवारची सुट्टी आधीच जाहीर झालेली, शुक्रवारी रजा, मग शनिवार-रविवार. मतदान नाहीच म्हटल्यावर लोक गावाला निघून गेले होते.

गुरुवारी मतदान झालं. जरीपटक्याच्या केंद्रांवर दुपारपर्यंत कर्मचारी एकमेकांची तोंडं पाहत बसले होते. नंतर थोडे लोक आले, तेही 'आम्हाला आधी नाही का सांगता येत' असं खडसावत. त्या भागातल्या मतांवर भिस्त असलेला एक उमेदवार थोड्याच मतांनी पडला आणि त्यानं दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेतली. मग चौकशी लागली.

चौकशी लागताच बक्षीसाहेबांनी खुलासा सादर केला. भाषा इतकी घरंदाज होती की त्यांची वाटत नव्हती. 'श्रीमती डांगोरे यांनी आपला चेहरा व आवाज स्वेच्छेने उपलब्ध करून दिल्यामुळे सदर दुर्दैवी घटना उद्भवली' असं त्यात होतं, आणि शेवटच्या ओळीत होतं, 'आपली इच्छा असल्यास मी हाच खुलासा अधिक नम्र शब्दांत लिहून देऊ शकतो.' साहेबांनी ती ओळ न वाचताच सही केली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करायला ते प्रशिक्षणात खरोखर शिकले होते. असं शिकलेला सबंध सभागृहात तो एकच माणूस.

त्या खुलाशावरून भूमिकाला नोटीस आली. ती नोटीस टेबलावर घेऊन ती बसली होती तेव्हा एक म्हातारी बाई शिपायाला न जुमानता आत आली. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, सरळ पाठ. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि अजून तसंच चालणारी. तिनं भूमिकाकडे पाहिलं आणि दारातूनच सुरू केलं.

"तुम्हीच ना त्या? लाज नाही वाटत? मतदान नाही म्हणून सांगता आणि मागून उरकून घेता? एकवीस वर्षांची झाले तेव्हापासून एक मत चुकवलं नाही मी. यजमान गेले त्या आठवड्यातसुद्धा जाऊन आले. आणि तुमच्यामुळे मी उमरेडला बारशाला जाऊन बसले!"

"आजी, बसा," भूमिका म्हणाली. बसलेल्या आवाजात तिनं सगळं पुन्हा सांगितलं. किती वेळा सांगितलं होतं, आता तिला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं होतं. म्हातारी ऐकत होती, पण चेहरा मऊ झाला नव्हता.

"नमुना होता म्हणता. मग माझ्याकडे का आला? मी असल्या फालतू गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. रोज शंभर येतात, मी उघडत नाही. हा उघडला, कारण घरच्या माणसानं पाठवला. अधिकारी आहे तो. त्यानं पाठवलं म्हणजे खरंच असणार. तसंच मी आमच्या जरीपटक्यातल्या सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, भजनी मंडळात सांगितलं. माझा भाऊच तिथला साहेब आहे, म्हटलं, निश्चिंत राहा."

भूमिकानं हातातला पेन खाली ठेवला. "कोण भाऊ?"

"मुकुंद. मुकुंद बक्षी. मी त्याची यमुताई. तुमचेच साहेब असतील ते."

मग म्हातारीनं पिशवीतून फोन काढला. शुक्रवारी संध्याकाळी, प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर लगेच, बक्षी घराण्याच्या गटात मुकुंदानं व्हिडिओ टाकला होता. सोबत एक हसणारा चेहरा, बाकी काही नाही.

"हे तोंड हसतं का आहे, हे मला त्या दिवशी कळलंच नाही," यमुताई म्हणाल्या. "मला वाटलं, सुट्टी पडली म्हणून हसतोय."

चौकशी अधिकारी होत्या अबोली राजूरकर, वरच्या कार्यालयातून आलेल्या, कमी बोलणाऱ्या. बक्षीसाहेब त्यांच्या उजवीकडे बसले, कारण डावीकडे भूमिका बसली होती. भूमिकानं काय घडलं ते सांगितलं. व्हिडिओ सभागृहातून बाहेर कुणीही नेला असेल, पण जरीपटक्यात तो साहेबांच्या फोनवरून गेला, आणि साहेबांचं नाव त्याच्यामागे होतं म्हणूनच लोकांनी तो मानला.

बक्षीसाहेब हसले. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांना इतकं सुरक्षित वाटलं असावं.

"मॅडम, याला पुरावा काय? फोनवरचा संदेश? आजकाल असे संदेश कुणीही बनवतं. आपण तर त्याचं प्रशिक्षणच घेतलंय. माझ्या नावानं काय वाट्टेल ते तयार करता येतं."

"तुमच्या बहिणीनं स्वतः सांगितलंय," भूमिका म्हणाली.

"फोनवर? आवाजसुद्धा बनवता येतो. भूमिका मॅडमना तर हे चांगलंच ठाऊक आहे."

हे बोलताना तो माणूस जराही अडखळला नाही. धोक्यांच्या सत्रातून त्यानं नेमका आपल्या कामाचा भाग उचलला होता. आता या जगात त्याचं कुठलंच बोलणं त्याच्यावर शेकणार नव्हतं. जे अडचणीचं ते यंत्रानं केलं, जे सोयीचं ते साहेबांनी.

"फोनवर नाही," भूमिका म्हणाली. "बाहेर बसल्यात त्या."

अबोली मॅडमनी मान हलवली. दार उघडलं आणि यमुताई आत आल्या. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शाळेत फळ्यापाशी बोलावलेल्या पोराकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"मुकुंदा, मी खरी आहे ना रे? की मलाही कुणी बनवलंय?"

बक्षीसाहेब उठले. "ताई, तू इथे कशाला..."

"विचारलं त्याचं उत्तर दे. मी खरी आहे का?"

"आहेस."

"व्हिडिओ तू पाठवला का?"

"अगं, गंमत म्हणून... घरच्या गटात..."

"घरची माणसं मतदार नसतात का?" यमुताईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुझ्या गमतीनं माझं मत गेलं. माझ्या शब्दावर आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांची गेली. आणि तू या पोरीच्या गळ्यात ते बांधून मोकळा होऊन राहिला?"

बक्षीसाहेब खाली बसले. अबोली मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "तुमचा तो खुलासा परत घ्या. आणि पुढचा स्वतः लिहा."

शिक्षा काय झाली म्हणाल, तर सरकारात होते तेवढी. बक्षीसाहेबांना तोंडी समज मिळाली आणि त्यांना आपत्ती व्यवस्थापनाकडे बदललं. भूमिकावरची नोटीस मागे घेतली गेली, पण मागे घेतल्याचं पत्र महिनाभर सहीसाठी अडकलं. पडलेला उमेदवार कोर्टात गेला, आणि तिथे आता त्याला पहिली तारीख मिळाली आहे. उन्मेष दुसऱ्या शहरात 'नागपूरचा धडा' या नावानं सत्र घेतात. त्यात भूमिकाची निळ्या साडीतली ती चित्रफीत दाखवतात, तिला न विचारता. तिनं फोन करून खडसावलं तर म्हणाले, "मॅडम, तुमचं योगदान आम्ही शेवटी आभारात लिहितो." तिनं पोलिसात तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी ती चित्रफीत दोनदा पाहिली आणि विचारलं, "यात नेमकं आक्षेपार्ह काय आहे? चांगल्या दिसताय तुम्ही."

नोटीस मागे घेतल्याचं कळलं त्या रविवारी यमुताईंचा फोन आला. "भूमिका, मोकळी असशील तर ये. मला सोबत हवी आहे."

जरीपटक्यातल्या त्यांच्या सोसायटीत भूमिका पोचली तेव्हा यमुताई खालीच उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. ज्यांना ज्यांना त्यांनी मतदान नाही म्हणून सांगितलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन त्यांना सांगायचं होतं की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. भूमिकानं शेजारी उभं राहायचं, एवढंच.

"तुमची काय चूक यात?" भूमिका म्हणाली. "ज्याची होती तो तर गाडीतून फिरून राहिला."

"त्याचं तो बघेल. लोकांनी त्याच्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला होता."

पहिलं दार उघडलं. पस्तिशीची एक बाई, हाताला कणीक. यमुताईंनी सरळ, एका दमात सांगितलं आणि हात जोडले.

"अय्या, काकू, त्यात काय एवढं!" ती बाई हसून म्हणाली. "हरकत नाही. आम्ही तर त्या दिवशी पचमढीला गेलो होतो, मजा आली. नाही तरी कोणीबी निवडून आला तं काय फरक पडते? चहा टाकू का?"

भूमिकाला वाटलं, चला, सुटलो. तिनं यमुताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. भावासमोर उभ्या होत्या तेव्हासुद्धा झाला नव्हता इतका.

"हरकत नाही कशी?" त्या म्हणाल्या. "हरकत आहे. तू माझ्यावर रागवायला पाहिजे होतं."

बाई गोंधळून हसत राहिली. यमुताईंनी चहा नको म्हटलं, कठड्याला हात लावून दोन पायऱ्या चढल्या आणि दम खायला थांबल्या. भूमिकानं त्यांचा हात धरायला पुढं केला, तो त्यांनी घेतला. मग वरच्या मजल्यावर जाऊन त्यांनी पुढच्या दाराची बेल दाबली.